रिंगणातला घोडा फोटोत पुसला का जातो?

वारीहून परतल्यावर शेजारच्या काकूंनी प्रसाद हातावर ठेवला आणि लगेच फोन पुढे केला. "हे बघ जरा. माउलींचा अश्व अगदी माझ्यासमोरून गेला रे, चार हातांवरून. आणि फोटोत बघ काय आलंय." फोटोत पताका होत्या, पलीकडच्या कडेला दाटीवाटीनं उभे असलेले वारकरी होते, गळ्यात पखवाज अडकवलेला एक तरुण तर नाकीडोळी ओळखू येत होता. आणि मधोमध, जिथं घोडा हवा तिथं, ओल्या शाईवरून बोट फिरवावं तसा एक पांढुरका पट्टा. "मुलानं एवढा महागाचा फोन घेऊन दिला. मग नेमका घोडाच तेवढा का पुसला गेला?"

आषाढात हा प्रश्न घरोघरी असतो. दहीहंडीचा वरचा थर, कबड्डीतली चढाई, मैदानावर पळणारं पोर, नदीत सूर मारणारा मुलगा, सगळीकडे हेच होतं. उभं असलेलं सगळं छान येतं आणि ज्याच्यासाठी फोन काढला तेच हलतं. म्हणून काकूंच्या रिंगणाच्या फोटोवरूनच हे नीट समजून घेऊ. रिंगण कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

बहुतेक फोनमध्ये फोटो उघडून वर सरकवला की त्याची माहिती दिसते. काकूंच्या फोटोखाली बारीक अक्षरात एक आकडा होता: १/५०. घोडा त्या आकड्यानं पुसला होता.

फोटो काढायला किती वेळ लागतो?

आपल्याला वाटतं, बटण दाबलं आणि फोटो निघाला, वेळ लागलाच नाही. प्रत्यक्षात कॅमेरा थोडा वेळ डोळा उघडतो, उजेड आत घेतो आणि डोळा मिटतो. डोळा उघडा राहण्याच्या या काळाला शटर स्पीड म्हणतात. काकूंच्या फोनचा डोळा सेकंदाचा पन्नासावा भाग उघडा होता. तेवढ्या वेळात समोर जे जे घडलं, ते सगळं एकाच चित्रावर एकावर एक उमटलं.

आता हिशेब करू. भरधाव घोडा ताशी ४० किलोमीटरनं पळतो असं धरलं तर तो सेकंदाला सुमारे ११ मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात २२ सेंटिमीटर, जवळजवळ एक वीत. घोड्याचं नाक एका जागी उमटायच्या ऐवजी वीतभर लांबीत उमटलं. डोळा, कान, आयाळ, सगळं तसंच. फोनच्या पडद्यावर सात सेंटिमीटर रुंदीत समोरची तीन मीटर जागा मावली असेल, तर ही वीत पडद्यावर अर्धा सेंटिमीटर होते. तेवढं घोड्याचं तोंड पुसलं जायला पुरतं.

तोच डोळा सेकंदाचा हजारावा भाग उघडला असता तर घोडा जेमतेम एक सेंटिमीटर सरकला असता. पडद्यावर पाव मिलिमीटर. ते कुणाला दिसत नाही.

पायांचा हिशेब वेगळा, आणि फार सुंदर. पळताना जो खूर जमिनीला टेकलेला असतो तो त्या घटकेला स्थिर असतो आणि जो पाय पुढे झेपावत असतो तो धडापेक्षाही वेगात असतो. बैलगाडीच्या चाकाचंही तसंच, जमिनीला टेकलेला बिंदू क्षणभर थांबलेला आणि माथ्यावरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगात. काकूंचा फोटो मोठा करून पाहिला तेव्हा त्या पांढऱ्या पट्ट्याखाली एक टेकलेला खूर बऱ्यापैकी स्पष्ट होता, वर उडालेल्या चिखलाच्या दोन थेंबांसकट. काकूंनी तो बराच वेळ पाहिला.

मग फोननं पन्नासावा भागच का निवडला?

कारण त्याला उजेड पुरत नव्हता. शेताला पाणी देताना दारं धरलेल्या माणसाला हे लगेच कळेल. वाफा भरायचा तर दोन गोष्टी आपल्या हातात असतात: दारं किती रुंद फोडायचं आणि किती वेळ उघडं ठेवायचं. पाटाला पाणी कमी असेल तर एक तर दारं रुंद करा, नाहीतर जास्त वेळ थांबा. कॅमेऱ्यात पाण्याच्या जागी उजेड आहे. भिंगामागच्या छिद्राची रुंदी म्हणजे ॲपर्चर, थांबण्याची वेळ म्हणजे शटर स्पीड. ॲपर्चर एफ/४, एफ/१६ अशा आकड्यांत मोजतात. इथं एक गोष्ट उलटी आहे: आकडा लहान असेल तितकं छिद्र मोठं.

तिसरी गोष्ट आयएसओ. तिला पाटाचा दाखला लागू पडत नाही, ती कीर्तनाच्या माईकसारखी आहे. बुवांचा आवाज बारीक असला तर माईकवाला आवाज वाढवतो. बुवा ऐकू येतात, पण त्याबरोबर खरखरही वाढते. आलेल्या उजेडाचा आवाज वाढवायचा म्हणजे आयएसओ वाढवायचा. त्याची खरखर फोटोत बारीक दाण्यांच्या रूपात दिसते.

फोन बनवणाऱ्यांना दाण्यांची फार धास्ती. म्हणून आभाळ भरून आलं की फोन आयएसओ कमी ठेवून डोळा जास्त वेळ उघडा ठेवायला बघतो. घरातल्या, देवळातल्या, जेवणाच्या ताटाच्या फोटोला हे योग्यच आहे. ताट पळत नाही. पण समोर घोडा आहे हे फोनला बहुतेक वेळा कळत नाही. ते आपल्याला कळतं, म्हणून ही वेळ आपण ठरवायची. माझं या लेखात सांगणं मुख्यतः एवढंच आहे.

दाणे आले तर फोटो खराब नाही का दिसणार?

हा प्रश्न खूप जण विचारतात. दाणेदार फोटोत माणूस ओळखू येतो, पुसलेल्या फोटोत येत नाही. जुन्या वर्तमानपत्रांतले कुस्त्यांचे, सभांचे फोटो आठवा. दाण्यांनी भरलेले असत आणि तरी पाहताना अंगावर काटा येई. आयएसओ १६०० पर्यंत नेताना कॅमेरा असलेल्यांनी मन घट्ट करायची गरजच नाही. हल्लीचे कॅमेरे त्याच्याही पुढे सहज जातात.

जुने फोटोग्राफर एक ठोकताळा वापरत, तो आजही चालतो. लख्ख ऊन असेल आणि ॲपर्चर एफ/१६ असेल, तर आयएसओचा जो आकडा तोच शटरचा. आयएसओ १०० तर १/१००. आता ॲपर्चर एफ/४ केलं की छिद्रातून सोळापट उजेड येतो, म्हणजे वेळ सोळापट कमी करता येतो: १/१६००. घोडा जागच्या जागी थांबला.

पण रिंगण आषाढात असतं. आभाळ गच्च भरलं की उजेड उन्हाच्या साधारण आठव्या हिश्शावर येतो. मग तोच १/१६०० खाली घसरून १/२०० होतो. तो परत आणायचा तर आयएसओ आठपट करायचा: १०० चा ८००. एवढं गणित पाठ असलं की ढगाचा तुकडा आला-गेला तरी माणूस गोंधळत नाही. कॅमेऱ्यात शटर प्रायॉरिटी म्हणून सोय असते. चकतीवर कुठं एस, कुठं टीव्ही असं लिहिलेलं असतं. त्यात १/१००० ठरवून द्यायचं आणि आयएसओ ऑटोवर सोडायचा. बाकीचं कॅमेरा बघतो.

"माझ्याकडे कॅमेरा नाही, फोनच आहे"

फोनची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. फोनच्या मुख्य भिंगाचं छिद्र बरंच मोठं असतं, एफ/१.८ च्या आसपास. त्यामुळे लख्ख उन्हात बहुतेक फोन आपणहूनच १/१००० च्या पुढे जातात आणि घोडा तुमच्याकडून काहीही न होता स्पष्ट येतो. अडचण होते ती ढगाळ दिवशी, दिवस कलल्यावर आणि झूम केल्यावर.

झूमचं समजून घ्या. अनेक फोनमध्ये दूरचं टिपायला वेगळं भिंग असतं आणि त्यात मुख्य भिंगापेक्षा कमी उजेड शिरतो. ते भिंग नसेल तर फोन नुसतं चित्र कापून मोठं करतो, जे तुम्हाला घरी बसूनही करता येतं. काकूंनी तीनपट झूम केला होता. आभाळ काळवंडलेलं, दिवस कललेला, त्यात झूम: तिन्ही गोष्टी घोड्याच्या विरुद्ध. अशा वेळी साध्या एकपटीवर फोटो काढा आणि नंतर कापा.

अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये प्रो मोड असतो. त्यात एस किंवा शटर असं लिहिलेलं सापडेल, तिथं १/१००० करा. चित्र काळं वाटलं तर आयएसओ वाढवा. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हातात देत नाहीत, त्यासाठी वेगळं ॲप घ्यावं लागतं. त्यातला ॲक्शन मोड नावावरून भुलवतो, पण तो व्हिडिओसाठी आहे. चालता-पळता हाताला बसणारे हिसके तो काढतो. काहीच सोय नसली तर पडद्यावर बोट ठेवायचं, सूर्यासारखं चिन्ह आलं की ते थोडं खाली ओढायचं. चित्र जरा गडद होतं आणि बहुतेक वेळा डोळा उघडा राहण्याचा वेळही कमी होतो. नाइट मोड मात्र अगदी बंद. तो एकामागून एक बऱ्याच चित्रांची बेरीज करतो आणि पळत्या घोड्याची बेरीज भुतासारखी दिसते.

आणि आधी भिंग पुसा. दिवसभर हातात असलेल्या फोनच्या भिंगावर बोटांचा तेलकटपणा बसतो, त्यावर वारीतली धूळ. मऊ सुती कापडानं दोनदा पुसलं तरी निम्मं धुकं जातं.

"माझ्या फोनमध्ये स्टॅबिलायझेशन आहे की"

असेल, आणि ते कामाचंही आहे. पण ते तुमचा हात हलला तर सावरतं. समोरचा घोडा हलला तर त्याला काही करता येत नाही. काकूंच्या फोटोत पखवाजवाला स्पष्ट आला तो त्यामुळेच. हात सावरला गेला होता. घोडा मात्र स्वतःच्या पायांनी पळत होता.

कुठं उभं राहायचं?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, सेटिंगपेक्षाही.

तीच गती वेगवेगळ्या बाजूंनी वेगवेगळी दिसते. एसटी तुमच्यासमोरून आडवी गेली तर सर्रकन जाते. तीच एसटी सरळ रस्त्यावर लांबून तुमच्याकडे येत असेल तर बराच वेळ जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटते, फक्त हळूहळू मोठी होत जाते. फोटोतही तेच. आडव्या धावेला पुसटपणा सर्वांत जास्त, तिरक्या धावेला कमी, अंगावर येणाऱ्या धावेला सर्वांत कमी.

रिंगण दोन प्रकारचं. उभ्या रिंगणात वारकरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीनं उभे राहतात आणि मधल्या वाटेनं अश्व धावत जातात. ज्ञानोबांच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण लोणंदच्या पुढे, तरडगावाच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला होतं. तिथं ओळीत उभं राहून वाटेच्या लांबीकडे पाहिलं की घोडा जवळजवळ तोंडावर येताना दिसतो. अशा जागी १/५०० सुद्धा पुरतो.

गोल रिंगण मैदानात. मध्ये पालखी, भोवती दिंड्या, त्यांच्याभोवती मोकळी सोडलेली धाव आणि पलीकडे पुन्हा माणसं. ज्ञानोबांच्या वाटेवर पुरंदवडे, खुडूस, ठाकुरबुवांची समाधी. तुकोबांच्या वाटेवर बेलवाडी, इंदापूर, अकलूज. आधी पताकावाले धावतात, डोईवर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी, टाळकरी धावतात आणि मग अश्व. दोन अश्व असतात: एकावर पताका घेतलेला स्वार आणि दुसरा माउलींचा, त्याच्यावर कुणीही बसत नाही. बसलेले माउलीच, हा भाव. बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून हे अश्व येतात.

वर्तुळाची गंमत अशी की तुम्ही कुठंही उभे असा, एकाच फेरीत घोडा तुम्हाला सगळ्या बाजूंनी दिसतो. अगदी समोरून जातो तेव्हा तो आडवा आणि जवळ, म्हणजे सगळ्यात अवघड. डाव्या-उजव्या अंगाला असतो तेव्हा तो तुमच्याकडे वळत येत असतो किंवा पाठ करून जात असतो. बहुतेक जण घोडा नाकासमोर आला की बटण दाबतात. मी म्हणतो, वळून येताना दाबा. तोंड दिसतं, छाती दिसते, उधळलेली माती मागे दिसते आणि तिच्या मागे पताकांचं रान. तिथं १/५०० वर काम भागतं आणि नाकासमोर १/१००० लाही घाम फुटतो.

एकाहून जास्त फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत फोन खाली ठेवा आणि नुसतं पाहा. घोडा कोणत्या रेषेवरून जातोय, कुठं मातीचा लोट उठतोय, मागे कुणाची छत्री आडवी येतेय. दुसऱ्या फेरीसाठी एक जागा ठरवा.

बटण कधी दाबायचं?

आपण दाबतो आणि फोटो निघतो यात थोडा वेळ जातो. डोळ्यानं पाहिलं, मनानं ठरवलं, बोट हललं, फोन जागा झाला. यात सेकंदाचा दहावा भाग गेला तरी घोडा मीटरभर पुढे. म्हणून दिसल्यावर दाबलं की चौकटीत शेपूट येते. जागा आधी हेरून ठेवायची आणि घोडा तिथं पोचायच्या किंचित आधी दाबायचं. विटी-दांडू खेळलेल्यांना हे शिकवावं लागत नाही, दांडू विटीच्या जागी मारून चालत नाही.

फोकसचंही तेच. घोडा यायच्या आधी, तो ज्या रेषेवरून जाणार तिथल्या जमिनीवर फोनच्या पडद्यावर बोट काही वेळ दाबून धरलं की फोकस तिथं कुलूपबंद होतो. मग तो मागच्या गर्दीवर पळत नाही. कॅमेऱ्यात सतत पाठलाग करणारा फोकस असतो. कॅननमध्ये त्याला एआय सर्व्हो म्हणतात, निकॉन-सोनीत एएफ-सी.

"सलग शंभर फोटो काढले तर एखादा निघेलच ना?"

शटर १/५० असेल तर शंभरच्या शंभर पुसट निघतील. सलग फोटोंनी क्षण निवडायला मिळतो, स्पष्टपणा मिळत नाही. आधी शटर, मग सलग. त्या क्रमानं केलं तर मात्र फार उपयोग आहे, आणि का ते कळण्यासाठी दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

घोडा चौखूर उधळतो तेव्हा चारही खूर एकदम जमिनीवरून सुटतात का, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. डोळ्याला तो क्षण पकडता येत नव्हता. चित्रकार घोडा काढताना पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे ताणलेले आणि पोट अधांतरी असा काढत. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथं एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीनं मांडले. घोड्यांचे मालक, तिथले माजी गव्हर्नर लीलँड स्टॅनफर्ड, यांनीच हे काम त्यांना दिलं होतं. पट्टीवर आडवे धागे ताणले. घोडीच्या पायानं एकेक धागा तुटे तसा एकेक कॅमेरा चाले. चित्रं आली तेव्हा कळलं की चारही खूर सुटतात खरे, पण पाय ताणलेले असताना नव्हे. ते पोटाखाली एकवटलेले असतात तेव्हा. शेकडो वर्षांची चित्रं चुकीची होती.

मायब्रिजना जे बारा कॅमेऱ्यांनी करावं लागलं ते आता खिशातल्या फोनवर बटण बाजूला किंवा खाली ओढून होतं (प्रत्येक फोनची तऱ्हा वेगळी, घरी करून पाहा). भरधाव घोडा सेकंदाला दोनेक ढांगा टाकतो. सेकंदाला दहा फोटो निघाले तर एका ढांगेचे चार-पाच तुकडे हाती येतात. त्यातला पाय पोटाखाली एकवटलेला तुकडा शोधा. घोडा खरोखर हवेत तरंगत असतो.

व्हिडिओ काढून त्यातून फोटो कापू, असंही पुष्कळ जण म्हणतात. चालतं. फोर-के व्हिडिओची एक चौकट सुमारे ८ मेगापिक्सेलची असते, पोस्टकार्डाएवढ्या छपाईला भरपूर. पण उजेड कमी असताना व्हिडिओतली प्रत्येक चौकटही १/५०-१/६० सेकंदाची असते, म्हणजे काकूंचाच पट्टा पुन्हा. सेकंदाला ६० किंवा १२० चौकटींचा व्हिडिओ घेतला तर वेळ आपोआप कमी होतो.

सगळं थांबवलंच पाहिजे का?

नाही. उलट सगळं गोठवलं की कधी कधी घोडा चौकातल्या पुतळ्यासारखा दिसतो. धाव दिसायला काहीतरी पुसट लागतं. काय पुसट ठेवायचं ते आपण ठरवायचं.

मुंबईच्या लोकलमध्ये हा अनुभव येतो. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी त्याच दिशेला त्याच वेगानं निघाली की तिच्या खिडकीतला माणूस समोर बसल्यासारखा दिसतो, त्याच्या हातातला पेपरही दिसतो. मागची घरं, खांब, झाडं मात्र रेघा होऊन पळतात. फोटोत हे जाणूनबुजून करण्याला पॅनिंग म्हणतात. शटर मुद्दाम १/३० किंवा १/६० ठेवायचा आणि घोड्याबरोबर आपण वळायचं. पाय घट्ट रोवून, कमरेतून. घोडा लांब असतानाच त्याच्याबरोबर वळायला लागायचं, समोर आला की न थांबता बटण दाबायचं आणि दाबल्यावरही वळत राहायचं. नवशिके दाबताना थांबतात, तिथंच फोटो जातो.

दहातले नऊ फसतात, माझेही अजून फसतात. पण जो साधतो त्यात घोड्याचा डोळा स्थिर असतो, पाय वाऱ्यासारखे आणि मागे पांढऱ्या टोप्या, भगव्या पताका यांच्या नुसत्या आडव्या रेघा. याचा सराव करायला पंढरपूरची वाट धरावी लागत नाही. नाक्यावर उभं राहून सायकलवाल्यांवर करावा.

रिंगणानंतर उडीचे खेळ होतात, तिथं वेगळाच धडा मिळतो. उडी मारलेला माणूस सर्वांत वर असतो तेव्हा क्षणभर थांबलेला असतो. वर जायचं संपलं, खाली यायचं अजून सुरू झालं नाही. झोक्याचं टोक तसंच. त्या क्षणी बटण दाबलं तर १/२५० सुद्धा पुरतो. फुगडीला उलटं करा: १/१५ वर दोघींचे पदर गोल फिरू द्या आणि मधले गुंफलेले हात तेवढे स्पष्ट राहू द्या.

पांढरं करडं का येतं?

हे थोडक्यात. कॅमेरा जे बघेल त्याची सरासरी मध्यम करडी करायला जातो. चौकटभर पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या असल्या की तो घाबरून सगळं काळपट करतो. उजेडाचा काटा अधिककडे थोडा, अर्धा ते एक घर, सरकवा. आभाळ पाठीशी असेल आणि चेहरे काळे येत असतील तरी हाच उपाय. पण अधिक उजेड मागितला की फोन डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो, म्हणून प्रो मोडमध्ये शटर पक्का करून मगच हे करा.

"नंतर ॲपनं नीट करता येईल की"

आता अशी साधनं आहेत की ती पुसट चेहऱ्याला डोळे-नाक काढून देतात. ते डोळे-नाक त्या माणसाचे नसतात, अंदाजाचे असतात. हललेल्या फोटोत ती माहिती उमटलेलीच नव्हती, मग ती परत कुठून येणार? रंग सुधारा, कापा, थोडं उजळा. पण तुमच्या आजीच्या वारीच्या शेवटच्या फोटोत आजीचा चेहरा यंत्रानं कल्पून घातलेला असावा, हे मला मुळीच मान्य नाही. त्यापेक्षा पुसट आजी बरी.

दोरीच्या अलीकडे

चांगल्या फोटोसाठी धावेत पाऊल टाकायचं नाही. घोडा बिथरला तर पुढे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांवर जाईल. फ्लॅश बंद, तो इतक्या लांब पोचतही नाही आणि जनावराच्या डोळ्यावर मात्र चमकतो. पुढच्या रांगेत बसायचं, मागचा माणूसही वर्षभर वाट पाहून आलेला असतो. बसल्यावर फोटोही चांगला येतो: घोडा आभाळावर दिसतो, मागच्या मोटारी आणि विजेचे खांब खाली जातात. पाऊस आला तर प्लॅस्टिकच्या पिशवीला भिंगापुरतं भोक पाडा आणि रबर लावा.

चौकटीत घोड्याच्या पुढे थोडी जागा रिकामी ठेवा. त्याला धावायला वाट दिसली पाहिजे.

आणि अश्व निघून गेले की फोनमध्ये मान घालून फोटो तपासत बसू नका. माझ्या मते रिंगणाचे सर्वांत चांगले फोटो त्यानंतरच्या दोन मिनिटांत असतात. दोरी सुटते आणि सगळे अश्वांच्या टापांची माती घ्यायला धावतात. कुणी ती कपाळाला लावतं, कुणी लेकराच्या, कुणी पदराच्या टोकात गाठ मारून ठेवतं. तिथं माणसं वाकलेली असतात, हळू असतात. १/२५० भरपूर होतो.

काकूंच्या फोनमध्ये तसा एक होता. त्यांनी तो मला दाखवलाही नव्हता, घोड्याच्या आधीचा-नंतरचा म्हणून सरकवत चालल्या होत्या. चिखलात उमटलेला अर्धा खूर, त्यात साचलेलं पाणी आणि त्यावर टेकलेली त्यांच्या जावेची चार बोटं, हिरव्या बांगड्यांसकट. मी म्हटलं, काकू, थांबा, हा आधी छापून आणू.